सामानाजवळ कोण थांबणार?

चाळीस वर्षांच्या संसारात आमच्या ह्यांनी मला तोंडानं पुष्कळ काही म्हटलं असेल, पण 'सामानाजवळ थांबणार' असं लेखी कधी दिलं नव्हतं. ते यंदा दिलं. तेही तीन प्रतींत, निळ्या शाईत, खाली तारखेसह सही ठोकून.

माणूस वाईट नाही. पण कोरा फॉर्म दिसला की ह्यांचं भान सुटतं. पाणीखात्यात मीटर तपासनीस म्हणून चौतीस वर्षं काढली, त्यात दुसरं काही कमावलं नसेल, अक्षर मात्र कमावलं. आमच्या चार मजली इमारतीत कोणाचाही कसलाही अर्ज असो, तो आमच्या जेवणाच्या टेबलावर येतो. बाळाचा चेहरा आजीनं नीट बघायच्या आत त्याच्या जन्मदाखल्याचा फॉर्म ह्यांच्यापुढे हजर असतो. मग ताटं बाजूला सरकतात, चष्मा पुसला जातो, आणि खाली ठेवलेली आमटी निवत जाते.

ह्यांचं तत्त्व एकच. खाडाखोड चालत नाही. एक काना चुकला तरी अख्खा कागद फाडून नवा घेतील. किराण्याच्या यादीत मी एकदा 'साबण' खोडून 'सोडा' लिहिलं, तर यादी पुन्हा लिहून दिली आणि तोवर दुकान बंद झालं. अशा माणसानं मला चुकीच्या रकान्यात घातलं, म्हणजे काय झालं ते समजून घ्या. दगडावर कोरल्यासारखं झालं.

तर झालं असं. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलगा आणि सूनबाई यांनी आम्हा दोघांना बारा दिवसांच्या सहलीला पाठवायचं ठरवलं. कंपनीचं चकचकीत पुस्तक घरी आलं. त्यात तलाव होते, संग्रहालयं होती, आणि नवव्या पानावर एक डोंगर होता. डोंगर म्हणजे ज्वालामुखी. झोपलेला. उंची चार हजार दोनशे मीटर. पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेवरच्या झोपडीपर्यंत चालायचं, तिथं मुक्काम, दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तोंडापर्यंत. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की झोपडीच्या वर एका दिवशी फक्त बारा जणांना परवानगी मिळेल, आणि ज्यांना चढायचं नाही त्यांनी पायथ्याच्या विश्रामगृहात सामानाजवळ थांबावं.

मी भाजी आणायला खाली गेले होते. वीस मिनिटं. परत आले तर फॉर्म भरून, घडी घालून, पाकिटात.

"काय लिहिलंत?" मी विचारलं.

"जे आहे ते," हे म्हणाले. "मी चढणार. तू सामानाजवळ."

"मला विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? तुझे गुडघे, तुझं वजन..."

पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. शहाणे आहेत. पण माझं वजन हवेत तसंच लोंबकळत राहिलं.

आता एक गोष्ट सांगते, म्हणजे माझा राग नुसता राग नव्हता हे कळेल. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. हे पाणीखात्यात, आणि आमच्याच घरात अकरा वर्षं पाणी चढत नव्हतं. दाब कमी. ह्यांनी आपल्याच खात्याला सत्तेचाळीस अर्ज केले, सगळे सुवाच्य. उत्तरंही आली, तीही सुवाच्य. पाणी आलं नाही. ती अकरा वर्षं तळमजल्याच्या नळावरून दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन चौथा मजला कोण चढत होतं? अर्जदार नव्हे. आणि लिफ्ट? लिफ्ट आमच्याकडे आहे, तिच्यात सायकली ठेवतात.

तेव्हा मी डोंगर चढेन की नाही हा प्रश्न वेगळा. न चढायचं तर ते मी ठरवीन. वीस मिनिटांच्या भाजीत ते कोणी दुसऱ्यानं ठरवायचं नाही.

"फॉर्म बदला," मी म्हटलं.

"खाडाखोड चालत नाही," हे म्हणाले, आणि पाकिटाला डिंक लावला.

बातमी जिन्यानं खाली उतरायला अर्धा दिवस लागला. संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे औषधदुकानवाले भाऊजी वर आले. त्यांना कोणताही प्रवास म्हणजे आजाराची सुरुवात वाटते.

"वहिनी, वर हवा विरळ असते. माणूस श्वास घेतो, पण आत काही येत नाही."

"मग ह्यांना का नाही सांगत?"

"त्यांची प्रकृती उत्तम आहे. ते जिना चढतात."

"आणि मी काय चौथ्या मजल्यावर दोरीनं जाते?"

भाऊजी चहा न संपवता गेले. मागोमाग शिकवणीवाल्या बाई आल्या. त्यांची शंका वेगळीच. "झोपलेला आहे म्हणतात, पण हे तपासलं कोणी?" मी म्हटलं, "बाई, मी चाळीस वर्षं एकाला झोपलेला समजून वावरतेय. मधूनच गुरगुरतो, पण अजून फुटलेला नाही." हे आतल्या खोलीत होते. पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

ह्यांची तयारी मात्र जोरात सुरू झाली. नवे बूट आणले. ते पायात मऊ व्हावेत म्हणून घरभर घालून हिंडायचे. जेवताना बूट, बातम्या बघताना बूट. गळ्यात शिट्टी आणि हातात सेकंद मोजायचं घड्याळ घेऊन रोज सकाळी जिन्याच्या तीस फेऱ्या. वर पोचलं की शिट्टी, खाली पोचलं की शिट्टी. तिसऱ्या दिवशी दोन बिऱ्हाडं आग लागली म्हणून कागदपत्रांसकट रस्त्यावर आली. मग इमारतीच्या सेक्रेटरीनं जिन्यात नोटीस लावली, की जिना व्यायामासाठी वापरू नये. नोटीस फारच सुंदर अक्षरात होती. ती लिहून द्यायला सेक्रेटरी कोणाकडे आले होते, हे सांगायला नकोच. ह्यांनी ती लिहिली, लावली, तिच्यासमोर उभं राहून वाचली आणि त्या दिवसापासून जिन्यात व्यायाम बंद केला. मग गच्चीवर सुरू केला.

मी एक दिवस गुपचूप सहल कंपनीच्या कचेरीत गेले. काउंटरवर एक तरुण मुलगी होती, नखांना तीन रंग लावलेली. मी म्हटलं, माझा रकाना चुकलाय, बदलून दे.

"दुरुस्तीचा अर्ज लागेल आजी. मूळ अर्जदाराच्या हस्ताक्षरात."

"मूळ अर्जदारानंच तर घोटाळा केलाय."

"मग कारणाच्या यादीतलं एक कारण निवडा." तिनं कागद पुढे केला. कारणं तीन होती. वयाची नोंद चुकणे, नावाची नोंद चुकणे, आणि मृत्यू.

मी चौथीपर्यंत शिकले, पण तीन कारणं वाचायला तेवढं पुरतं. "यात 'नवऱ्यानं न विचारता लिहिलं' असं कुठं आहे?"

"ते नाही आजी."

"का नाही? तुमच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांचं तेच कारण असेल."

ती हसली. हसली म्हणून तिनं खरी गोष्ट सांगितली. बारा जागा भरल्या आहेत. पण डॉक्टरचा दाखला असेल तर झोपडीपर्यंत कोणीही चालू शकतं. वर कोण जाणार हे शेवटी झोपडीतल्या वहीवर ठरतं. सकाळी कोणी गळलं, तर त्यानं आपलं नाव स्वतः खोडायचं, आणि त्या जागी दुसऱ्याचं लिहायचं.

"खोडायचं?" मी विचारलं. "म्हणजे खाडाखोड चालते?"

"तिथं चालते."

मी त्या मुलीला दोन्ही हातांनी आशीर्वाद दिला आणि तडक डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी छाती तपासली, रक्तदाब घेतला, गुडघे वाकवून पाहिले.

"गुडघे कुरकुरतात," ते म्हणाले.

"माझ्या घरात सगळेच कुरकुरतात. कामं थांबत नाहीत."

दाखला मिळाला. राहिला कपड्यांचा प्रश्न. सूनबाईनं तिची डोंगरावर घालायची पॅंट दिली. ती माझ्या गुडघ्यापर्यंत आनंदानं आली आणि तिथं थांबली. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं दोन्ही बाजू उसवून पट्ट्या जोडल्या. मूळ कापड राखाडी, पट्ट्या तपकिरी. "तसं कापड मिळालं नाही," तो म्हणाला. "पण टाका पक्का आहे मावशी, माझं नाव काढाल." त्याचं नाव मी पुढे काढलंच.

विमान, तलाव, संग्रहालयं यांचं काही सांगत नाही. ते सगळे सांगतात. आठव्या दिवशी आम्ही डोंगराच्या पायथ्याला पोचलो. डोंगर म्हणजे राखेची बादली उपडी करून ठेवावी तसा. वर टोकाशी थोडी वाफ. मी पॅंट घालून खोलीबाहेर आले, तेव्हा हे बुटांच्या नाड्या बांधत होते. त्यांनी आधी तपकिरी पट्ट्या पाहिल्या, मग मला.

"हे काय?"

"झोपडीपर्यंत येतेय. दाखला आहे."

त्यांनी दाखला घेतला, उजेडात धरला, शिक्का पाहिला. शिक्का गोल आणि स्पष्ट होता. त्यांनी दाखल्याची घडी घालून मला परत दिला.

वाटाड्या पंचेचाळिशीचा होता, कमी बोलणारा. त्यानं सगळ्यांना एका रांगेत उभं केलं आणि म्हणाला, "इथं नियम एकच. जो सगळ्यात सावकाश, तो सगळ्यात पुढे. त्याला कोणी ओलांडायचं नाही." मग त्यानं रांगेवरून नजर फिरवली. ती कुठं थांबली असेल? "मावशी, तुम्ही पुढे या."

म्हणजे मागं मागं येण्याची तयारी करून आलेली मी, बारा जणांच्या पुढे. आणि माझ्या पाठोपाठ कोण? हे. गळ्यात शिट्टी.

मला चालायची एकच पद्धत येते. भरल्या बादलीची. पाऊल पुरं टेकायचं, मग दुसरं उचलायचं. खांदे हलवायचे नाहीत, नाहीतर पाणी सांडतं. दर सोळा पायऱ्यांना क्षणभर थांबायचं, कठड्याला टेकायचं नाही, टेकलं की पुन्हा निघवत नाही. अकरा वर्षं अंगात मुरलेली चाल. हातात बादल्या नव्हत्या, तरी हात तसेच बाजूला धरून मी निघाले. मागं एक तरुण जोडपं होतं, ते आधी खुसूखुसू हसलं.

"अगं, जरा उचल की पाय," हे मागून म्हणाले.

"सांडेल."

"काय सांडेल?"

चढताना बोलायचं नसतं, हेही बादलीनंच शिकवलं.

ह्यांना ते सहन होईना. तासाभरानं त्यांनी युक्ती काढली. वळण आलं की हे आडवाटेनं वर चढायचे, पुढच्या वळणावर कमरेवर हात ठेवून आमची वाट बघायचे, आणि शिट्टी वाजवायचे. वाटाड्या दोनदा म्हणाला, "काका, रांगेत." हे म्हणाले, "मी सराव केलाय." आडवाटेची राख अशी भुसभुशीत, की दोन पावलं वर टाकली की एक खाली. हे तिथं पळत होते. चौथ्या वळणावर शिट्टी वाजली नाही. मला बरं वाटलं. आता वाटतं, मला तेव्हाच कळायला हवं होतं.

झोपडीत पोचलो तेव्हा ऊन होतं. दगडी भिंती, लांब लाकडी बाकं, मधे शेगडी. दाराशी ती वही. बारा नावं लिहिलेली, सातवं ह्यांचं. वाटाड्या माझ्याजवळ येऊन बसला.

"ही चाल कुठं शिकलात मावशी?"

"नळ बंद होता," मी म्हटलं.

त्याला काही समजलं नाही, पण त्यानं मान डोलावली. "उद्या वर आला असतात तर बरं झालं असतं. पुढं चालायला असं माणूस मिळत नाही." मग त्यानं वहीकडे पाहिलं. "पण जागा नाही."

आता इथं मला खरं सांगायला हवं. त्या क्षणापर्यंत मला नुसता मान हवा होता. त्या क्षणानंतर मला तो डोंगर हवा झाला. मी दाराशी बसून वर बघत राहिले. बाहेर वाफ निघत होती, आणि बारा नावांत माझं नव्हतं.

सकाळी उजाडलं. सूप आलं, पाव आला. ह्यांनी सुपात चमचा घातला आणि तसाच ठेवला. वाटाड्यानं रस्ता समजावताना "साडेतीन तास" म्हटलं. आदल्या दिवशी "चार तास" म्हणाला होता. हे काही बोलले नाहीत.

चाळीस वर्षं मी ह्या माणसाला ओळखते. समोरच्यानं आकडा चुकवला आणि हे गप्प बसले, असं फक्त दोनदा झालंय. एकदा न्यूमोनिया होता तेव्हा, आणि एकदा मुलाच्या जन्माच्या वेळी.

"डोकं दुखतंय का?" मी हळूच विचारलं.

"नाही."

"मळमळतंय?"

"उंचीवर थोडं होतं. पुस्तकात लिहिलंय. कोणाला सांगू नकोस."

आणि मी तिथं अडकले. बोलले, तर ह्यांचं नाव खोडलं जाणार आणि एक जागा रिकामी होणार. ती जागा कोणाला हवी होती हे आख्ख्या झोपडीला माहीत होतं. सगळे म्हणणार, बाईनं नवऱ्याला पाडलं आणि जागा घेतली. न बोलले, तर हा माणूस आणखी वर जाणार, आणि मान खाली घालून परत यायचं ह्याला कोणी शिकवलेलं नाही. माझा मान मला फार प्रिय आहे. ज्यांनी हे इथवर वाचलं, त्यांना ते सांगायला नको. मी दोन घोट सूप प्यायले. मग उठले.

"वाटाडेदादा," मी सगळ्यांसमोर म्हटलं, "ह्यांना बरं नाही."

ह्यांचे कान लाल झाले. "तुला माझी जागा हवीये!"

"हवीये," मी म्हटलं. "कालपासून हवीये, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या आधी तुम्ही धडधाकट हवेत. जागेचं नंतर बघू. ती नाही मिळाली तर मी तुमच्याबरोबर खाली येते, आणि वाटभर एक शब्द बोलत नाही."

तरुण जोडप्यातली मुलगी खोकण्याचं नाटक करून हसली. वाटाड्यानं ह्यांच्या बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावलं, आकडा पाहिला. मग ह्यांना फरशीवर एका सरळ रेषेत चालायला सांगितलं. ज्या माणसानं जन्मात रेघेबाहेर अक्षर जाऊ दिलं नाही, तो तिसऱ्या पावलाला बाकावर आपटला.

"काका, खाली. आत्ता," वाटाड्या म्हणाला. "खेचरवाला घेऊन जाईल. खाली पोचलात की बरं वाटेल. खाली डॉक्टर आहेत."

"मी जाते बरोबर," असं म्हणून मी माझी पिशवी उचलली. खरंच उचलली.

हे भिंत धरत दाराशी गेले आणि वहीपुढे बसले. खिशातून आपलं निळं पेन काढलं. टोपण निघायला वेळ लागला. सातव्या ओळीवर त्यांनी पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं, इतका वेळ की कागदावर शाईचा ठिपका पसरला. मग एक आडवी रेघ मारली. थरथरती, वाकडी, ह्यांच्या आयुष्यातली पहिली. तिच्यावर माझं नाव लिहिलं, पूर्ण, माहेरच्या आडनावासकट. जागा पुरली नाही म्हणून शेवटची दोन अक्षरं समासात गेली.

"अहो, पण तुम्ही..."

"जा," हे म्हणाले. "दोघंही खाली गेलो तर रकाना रिकामा राहील. रिकामा रकाना मला बघवत नाही, माहितीये तुला."

हा माणूस याहून गोड काही बोलू शकत नाही. मी पिशवी खाली ठेवली. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली, आणि खेचरावर बसताना खेचरवाल्याला म्हणाले, "लगाम उजव्या हाताला बांधलाय, पुस्तकात डाव्या हाताला आहे." तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. माणूस सुधारायला लागला होता.

वरची चढण म्हणजे आमचा जिना, फक्त तो कोणीतरी सारखा मागं ओढत असावा असा. मी पुढे, अकरा जण मागं. सोळा पावलं, थांबा. सोळा पावलं, थांबा. सुरुवातीला ते जोडपं कुरकुरलं. तिसऱ्या तासाला मागून फक्त श्वास ऐकू येत होते, आणि मी थांबले की सगळे देवाचे आभार मानत होते. एकदा मी चुकून सतराव्या पावलावर थांबले, तर मागून तरुण गडी म्हणाला, "आजी, एक जास्त झालं." शेवटी सडक्या अंड्यांचा वास आला, जमीन संपली, आणि आम्ही तोंडाशी उभे होतो.

आत काय असेल म्हणता? मला वाटलं होतं लाल काहीतरी उकळत असेल. आत हिरवट पाण्याचं एक डबकं होतं. आमच्या गच्चीवर टाकी गळते तिथं साधारण तसंच साचतं. एका फटीतून वाफ येत होती, तिथं मी हात शेकले. चांगली गरम होती. दोन दोऱ्या बांधल्या तर बारा जणांचे मोजे वाळले असते. पण मागं वळून पाहिलं, तर आमची वाट खाली खाली उतरत गेलेली, झोपडी काड्यापेटीएवढी, आणि पायथा दिसतच नव्हता. एवढं सगळं मी चढून आले होते, आणि थेंबही सांडला नव्हता. मी शिट्टी तोंडात घातली आणि फुप्फुसांत उरलेली सगळी हवा तिच्यात घातली. वाटाड्या म्हणाला, इथं शिट्टी वाजवायची नसते. मी म्हटलं, मी वाजवली नाही, कोणाच्या तरी वतीनं वाजवली.

उतरताना राखेवरून घसरत यायचं असतं. मी बसून घसरले, कारण उभ्यानं घसरायला वेगळं शिक्षण लागतं. अर्ध्यावर मोठा फर्रर्र आवाज झाला. मला वाटलं ज्वालामुखी जागा झाला. ती डावीकडची तपकिरी पट्टी होती. शिंप्याचं नाव मी तेव्हा काढलं, आणि जे काढलं ते इथं लिहीत नाही. उरलेली वाट मी कोट कमरेला बांधून, ताठ मानेनं उतरले. पाठीमागं कोणाला चालू दिलं नाही.

विश्रामगृहाच्या ओसरीवर हे बसलेले दिसले. तोंडावर रंग आला होता, अंगावर माझी शाल. समोर आमच्या गटाच्या सगळ्या बॅगा उंचीप्रमाणे रांगेत लावलेल्या, प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर मालकाचं नाव आणि बॅगेचा रंग, कोणाला दिसत नसेल तर. मांडीवर एक वही होती, तिच्यात आडव्या-उभ्या रेघा मारलेल्या.

"पोचलीस?" त्यांनी विचारलं.

"पोचले."

"वर काय होतं?"

"डबकं."

त्यांचा चेहरा खुलला. मी खिशातून एक दगड काढला, काळा, भोकाभोकांचा, आणि त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो वर-खाली केला, वजन हलकं म्हणून नवल केलं, आणि लगेच त्यालाही एक चिठ्ठी लावली. मग वही माझ्यापुढे सरकवली. "तुझी बॅग. मिळाल्याची सही इथं कर. रेघेच्या आत."

मी सही केली. थोडी रेघेबाहेर गेली. त्यांनी पाहिलं, पण बोलले नाहीत.

मी त्यांच्या शेजारी बसले, बूट काढले, आणि चाळीस वर्षांत नव्हता दिला तो निकाल देऊन टाकला.

"अहो, ऐका," मी म्हटलं. "तुमच्यासारखं सामान कोणी सांभाळत नाही आणि तुमच्यासारखं अक्षर कोणाचं नाही. पण माणसं तुम्ही चुकीच्या रकान्यात घालता. पुढच्या वर्षीचा फॉर्म मी भरणार. वेडावाकडा भरीन, खाडाखोड करीन, पण आधी तुम्हाला विचारीन."